बंदच न होणारा ट्रान्झिस्टर

ऑगस्टमधला रविवार. कॉर्कमध्ये नेहमीचा रिपरिप पाऊस, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पोह्यांच्या बशीशेजारी एक लॅपटॉप. लॅपटॉपची मालकीण पुण्याहून इथे मास्टर्स करायला आलेली, आदल्या वर्षीच्या गणपतीत ओळख झालेली. प्रबंध जमा करायला १२ दिवस उरले होते आणि तिचे मार्गदर्शक सुट्टीवर होते.

"दादा, हा ट्रान्झिस्टर बंदच होत नाहीये."

मी आधी हसलो. ट्रान्झिस्टर चालत नाही ही तक्रार रोजची. बंद होत नाही ही तशी दुर्मीळ. पण आलेख बघितल्यावर हसू गेलं. गेटवर शून्य व्होल्ट असताना जेवढा प्रवाह, जवळपास तेवढाच एक व्होल्ट असताना. असा ट्रान्झिस्टर म्हणजे तोटी फिरत नसलेला नळ. आणि गंमत अशी की सॉफ्टवेअरची काहीच तक्रार नव्हती. प्रत्येक बिंदूला उत्तर सापडलं होतं, एकही लाल ओळ नव्हती.

सिम्युलेशन वापरणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य चुका शोधण्यात जातं, पण त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. शोधनिबंधात शेवटचा गुळगुळीत आलेख छापतात. त्याआधीचे चाळीस वेडेवाकडे आलेख कचऱ्यात जातात. हा लेख त्या चाळिसांबद्दल आहे.

ली नदीकाठची अंगठी

तिने निवडलेलं उपकरण कॉर्कचंच होतं. शहराच्या पश्चिमेला, ली नदीच्या काठी, 'ली माल्टिंग्ज' नावाच्या जुन्या दगडी इमारती आहेत. एके काळी तिथे बिअरसाठी जव मोडवत असत. आता तिथे टिंडल नॅशनल इन्स्टिट्यूट आहे. २०१० साली तिथल्या जाँ-पिएर कोलिंज यांच्या गटाने 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला: संधी नसलेला, म्हणजे जंक्शनलेस, ट्रान्झिस्टर.

नेहमीच्या ट्रान्झिस्टरमध्ये सिलिकॉनच्या एकाच तुकड्यात तीन प्रदेश असतात. दोन टोकांना एका प्रकारची भेसळ, मध्ये उलट प्रकारची. (भेसळ हा शब्द इथे चांगल्या अर्थाने घ्या, सिलिकॉनमध्ये फॉस्फरस किंवा बोरॉनचे मोजके अणू मिसळल्याशिवाय त्यातून उपयोगाचा प्रवाह वाहत नाही.) हे प्रदेश जिथे मिळतात ती संधी. ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की या संध्या करणं महाकठीण होतं, कारण काही नॅनोमीटरच्या अंतरात भेसळीचा प्रकारच उलटा व्हायला हवा आणि भट्टीच्या उष्णतेत ते अणू इकडेतिकडे सरकतात.

कोलिंज यांच्या गटाने संध्याच काढून टाकल्या. सिलिकॉनची एक अतिशय बारीक तार, टोकापासून टोकापर्यंत एकाच प्रकारची भरपूर भेसळ असलेली, आणि मध्यभागी तिला तीन बाजूंनी वेढणारं गेट. पाण्याची रबरी नळी बोटांनी दाबली की पाणी थांबतं, तसं गेटच्या विद्युतक्षेत्राने तारेतले इलेक्ट्रॉन पिळून बाहेर काढायचे. कोलिंज यांनी गेटच्या या वेढ्याला लग्नातल्या अंगठीची उपमा दिली होती. कल्पना तशी जुनी: युलियस लिलिएनफेल्ड यांनी १९२५ साली कॅनडात पेटंटसाठी अर्ज केला, त्यातही संधी नव्हती, कॉपर सल्फाइडचा एक सलग पातळ थर होता. पण असा ट्रान्झिस्टर पूर्ण बंद करायचा तर तो थर किती पातळ हवा, आणि तेवढा पातळ करणं तेव्हा का अशक्य होतं, हे थोड्या वेळाने येईलच. तोच आमच्या गोष्टीचा मुद्दा आहे.

तार बनवण्याच्या आधी, २००९ साली, याच गटाने ही कल्पना सिम्युलेशनवर तपासून निबंध लिहिला होता. आणि आपल्याकडचा धागा असा की २०११ साली आयआयटी मुंबईच्या सुरेश गुंडपनेनी, स्वरूप गांगुली आणि अनिल कोट्टनथरायिल यांनी तारेऐवजी साध्या सिलिकॉन चकतीवरच असा ट्रान्झिस्टर कसा करता येईल ते मांडलं. कॉर्क ते पवई. आमच्या विद्यार्थिनीला दोन्ही निबंध पाठ होते. तिला फक्त तोच ट्रान्झिस्टर आपल्या लॅपटॉपमध्ये उभा करायचा होता आणि त्यापासून एक छोटं सर्किट बनवायचं होतं.

संगणक अंदाज बांधतो

असं सॉफ्टवेअर आतमध्ये नेमकं काय करतं हे माहीत नसेल तर त्याच्याशी भांडता येत नाही.

उपकरणाच्या छेदावर एक जाळी टाकतात. जाळीच्या प्रत्येक गाठीवर तीन अज्ञात: विद्युतविभव, इलेक्ट्रॉनांची दाटी आणि होलांची दाटी. पाच हजार गाठी असतील तर पंधरा हजार अज्ञात, सगळे एकमेकांत गुंतलेले. ही समीकरणं सरळ सुटत नाहीत, म्हणून संगणक चक्क अंदाज करतो. तेही अंदाजपंचे दाहोदरसे नव्हे, तर न्यूटन-राफसन पद्धतीने: एक अंदाज घ्यायचा, त्या ठिकाणी वक्ररेषेऐवजी सरळ रेषा मानायची, त्या रेषेवरचं उत्तर हा पुढचा अंदाज.

या पद्धतीने २ चं वर्गमूळ काढून बघा. पहिला अंदाज १. पुढचा १.५. त्यापुढचा १.४१६७. त्यापुढचा १.४१४२२. चार पावलांत पाच अंक बरोबर! उत्तराच्या जवळ पोहोचल्यावर बरोबर अंकांची संख्या दर फेरीला साधारण दुप्पट होते. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण सॉफ्टवेअर दर फेरीतली चूक छापत असतं. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत ती धाडकन कोसळली तर सगळं ठीक. रडतखडत थोडी थोडीच कमी होत असेल, तर कुठेतरी उताराचं गणित चुकलेलं आहे.

पण वर्गमूळ सभ्य असतं, अर्धवाहक नसतो. खोलीच्या तापमानाला, विभव ६० मिलिव्होल्टने बदलला की वाहकांची दाटी दहापट बदलते. ०.६ व्होल्टला एक हजार कोटी पट. ५ व्होल्टची बॅटरी, एक किलोओहमचा रोधक आणि एक डायोड असं शाळेतलं सर्किट घ्या. पहिला अंदाज 'डायोडवर शून्य व्होल्ट'. तिथे डायोडमधून जवळजवळ काहीच जात नाही, म्हणून सरळ रेषा सांगते की सगळे ५ व्होल्ट डायोडवरच आहेत. आता ५ व्होल्टला डायोडचं सूत्र वापरलं तर प्रवाह येतो सुमारे एकावर ७० शून्यं इतके अँपिअर. त्या भयंकर ठिकाणाहून न्यूटन परत फिरतो खरा, पण प्रत्येक फेरीला फक्त २६ मिलिव्होल्ट. खरं उत्तर ०.७ व्होल्टच्या आसपास, म्हणजे १६५हून जास्त फेऱ्या. आणि स्पाइस या प्रसिद्ध सर्किट सिम्युलेटरमध्ये या कामासाठी ठरवून दिलेली मर्यादा १०० फेऱ्यांची! म्हणून स्पाइसच्या आत एक पहारेकरी असतो. डायोडचा व्होल्टेज एकदम फार उडी मारायला लागला की तो उडी कापतो. शाळेतलं सर्किट सुटतं ते या पहारेकऱ्यामुळे.

दोन दिवस वाया कसे जातात

आता तिच्या लॅपटॉपकडे. तिची पहिली अडचण आमच्याकडे येण्याआधीच्या आठवड्यातली होती, आणि ती तिने 'सोडवली' होती. तिने एकदम ड्रेनवर एक व्होल्ट लावून उत्तर मागितलं होतं. सॉफ्टवेअर पन्नास फेऱ्या घुमलं आणि म्हणालं, जमत नाही. मग तिने किती चूक चालेल याची मर्यादा दहापट सैल केली. तरी जमेना. शंभरपट. हजारपट सैल केल्यावर उत्तर 'आलं'.

हा मोह मला चांगला माहीत आहे, मी स्वतः त्याला अनेकदा बळी पडलो आहे. पण परीक्षेत कुणी नापास होतंय म्हणून उत्तीर्ण व्हायचे गुण खाली आणण्यासारखं आहे ते. खरा उपाय कंटाळवाणा आहे: सिंहगडाचा कडा चढू नये, पायवाटेने जावं. सगळीकडे शून्य व्होल्ट असताना उत्तर काढायचं; ते सोपं असतं. मग ड्रेनवर ०.०१ व्होल्ट, आणि पहिला अंदाज म्हणून आधीचंच उत्तर. मग ०.०५, मग ०.१. एखादं पाऊल अडलं तर अर्धं करायचं. सर्किटच्या सॉफ्टवेअरमध्येही हीच युक्ती वेगळ्या नावांनी असते: कधी सगळे स्रोत शून्यापासून हळूहळू वाढवतात, तर कधी प्रत्येक गाठीपासून जमिनीपर्यंत एक छोटा काल्पनिक रोधक जोडून तो हळूहळू मोठा करत नेतात.

मर्यादा मुळावर आणली, पायऱ्या केल्या. आता सगळे बिंदू व्यवस्थित सुटले. ट्रान्झिस्टर तरीही बंद होईना.

दुसरा संशय जाळीवर. तिची तार १० नॅनोमीटर जाड होती आणि जाडीत गाठी होत्या फक्त चार. एवढ्या भेसळीत (दर घन सेंटिमीटरला एकावर १९ शून्यं इतके अणू) विद्युतक्षेत्र साधारण १.३ नॅनोमीटरच्या अंतरात बदलतं. त्याला डेबाय लांबी म्हणतात. जाळीचं घर त्याहून लहानच हवं. तीन नॅनोमीटरची घरं म्हणजे बोटाएवढ्या जाड कुंचल्याने बारीक रांगोळी काढायची.

जाळीचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. नॉर्वेत २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइप्नर ए नावाच्या तेलमंचाचा काँक्रीटचा प्रचंड पाया फ्योर्डमध्ये बुडाला. चौकशीत आढळलं की संगणकावरच्या जाळीतली घरं एका नाजूक कोपऱ्यात ओबडधोबड होती आणि त्यामुळे भिंतीवरचा कातर ताण ४७ टक्के कमी मोजला गेला होता. तिथेही सॉफ्टवेअरने काही तक्रार केली नव्हती.

जाळीची परीक्षा मात्र सोपी असते. घरं निम्मी करा, पुन्हा चालवा. उत्तर हललं तर पहिलं उत्तर उत्तर नव्हतंच. आम्ही घरं निम्मी केली, उत्तर हललं. पुन्हा निम्मी केली, थोडं हललं. तिसऱ्यांदा जवळपास स्थिर. तेवढ्यात चहा झाला. ट्रान्झिस्टर अजून चालूच.

एक कागद आणि एक पेन

इथे मी लॅपटॉप मिटायला सांगितला. हे आधीच करायला हवं होतं, पण समोर स्क्रीन असला की कुणाला सुचतं!

कागदावर गणित असं. तार १० नॅनोमीटर जाड, गेट दोन्ही बाजूंनी आहे असं धरलं तर प्रत्येक बाजूने ५ नॅनोमीटरमधले इलेक्ट्रॉन हाकलायचे. या भेसळीला त्यासाठी सिलिकॉनमध्ये सुमारे ०.२ व्होल्ट लागतात. शिवाय गेट आणि सिलिकॉन यांच्यामध्ये २ नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर. हाकललेल्या इलेक्ट्रॉनांमागे उरलेल्या प्रभारामुळे तिथे पडतात आणखी सुमारे ०.४५ व्होल्ट. एकूण ०.६५. म्हणजे तार बंद करायची तर गेटने सिलिकॉनपेक्षा ०.६५ व्होल्टने जास्त 'ऋण' असायला हवं.

पण आपल्याला तर गेटवर शून्य व्होल्ट असताना ट्रान्झिस्टर बंद हवा आहे. मग हे ०.६५ व्होल्ट आणायचे कुठून? ते येतात गेटच्या पदार्थातून. प्रत्येक पदार्थाची इलेक्ट्रॉन धरून ठेवण्याची ओढ वेगळी. ती मोजायच्या राशीला कार्यफलन म्हणतात. दोन वेगळ्या ओढीचे पदार्थ शेजारी आले की बाहेरून काहीही न लावता त्यांच्यात विभवाचा फरक तयार होतो. भरपूर इलेक्ट्रॉनवाल्या सिलिकॉनचं कार्यफलन सुमारे ४.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. बोरॉनने भेसळलेल्या पॉलिसिलिकॉनचं गेट असेल तर त्याचं सुमारे ५.२. फरक १.१ व्होल्ट, फुकट! त्यातले ०.६५ तार पिळायला खर्च झाले, ०.४५ शिल्लक राहिले. म्हणजे गेटवर ०.४५ व्होल्ट लावल्यावर ट्रान्झिस्टर उघडायला लागणार. टिंडलच्या गटानेही इलेक्ट्रॉनवाल्या तारेवर नेमकं असंच उलट भेसळीचं गेट घातलं होतं.

"तुझ्या फाइलमध्ये गेटचं कार्यफलन काय आहे?" मी विचारलं.

ती फाइल चाळत राहिली. ती ओळच नव्हती.

ओळ नसली की सॉफ्टवेअर आपला ठरीव आकडा घेतं, आणि तिच्या सॉफ्टवेअरमधला ठरीव आकडा होता ४.१. म्हणजे तिचं गेट आणि तिची तार यांच्यात फरक शून्य. अंगठी होती, पण बोटापेक्षा ढगळ. ट्रान्झिस्टर बंद करायला गेटवर उणे ०.६५ व्होल्ट लावावे लागले असते, आणि तिने आलेख काढला होता शून्यापासून पुढे. सॉफ्टवेअरने विचारलेल्या प्रश्नाचं अचूक उत्तर दिलं होतं. प्रश्नच दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा होता.

एक ओळ घातली. आलेख शून्याजवळ जमिनीला टेकला आणि ०.४५च्या आसपास वर उठला. ती काही बोलली नाही, फक्त गार झालेले पोहे पुढ्यात ओढले.

याच कागदावर मी तारेची जाडी १०ऐवजी २० नॅनोमीटर करून दाखवली. आता सिलिकॉनमध्ये जवळपास ०.८ व्होल्ट लागतात (जाडी दुप्पट, व्होल्ट चौपट) आणि ऑक्साइडमध्ये ०.९. बेरीज १.७, आणि फुकट मिळालेले फक्त १.१. शून्य व्होल्टला बंद होणार नाही म्हणजे नाही. एवढ्याशा दहा नॅनोमीटरवर सगळं अवलंबून! लिलिएनफेल्ड यांच्या काळात असा थर कुणाला करता येत नव्हता. तो करता येईपर्यंत ऐंशी वर्षं गेली.

शून्याच्या खालचा गाळ

आनंद फार टिकला नाही. बंद अवस्थेतला प्रवाह लघुगणकी अक्षावर बघितला तर एका मर्यादेखाली रेघ थरथरत होती. मध्येच एक-दोन ठिकाणी प्रवाह चक्क उणे. "हे क्वांटम परिणाम आहेत का?" तिने विचारलं. क्वांटमवर बरंच काही ढकलता येतं, पण हे त्याचं पाप नव्हतं.

संगणक साधारण १५-१६ अंकांपर्यंत आकडे धरतो. तारेत विद्युतक्षेत्रामुळे एका दिशेला जाणारे इलेक्ट्रॉन आणि दाटीतल्या फरकामुळे उलट दिशेला जाणारे इलेक्ट्रॉन यांची जवळपास बरोबरी झालेली असते. बंद अवस्थेतला प्रवाह म्हणजे या दोन अवाढव्य आकड्यांची किंचितशी वजाबाकी. दोन मालट्रकांचं वजन करून फरकावरून एका ट्रकच्या चालकाच्या खिशातल्या नाण्याचं वजन काढण्यासारखं. सॉफ्टवेअरमध्ये जास्त अंकांची सोय असेल तर ती वापरायची. वेळ कित्येक पटींनी वाढतो. नसेल तर आलेखाचा तो भाग दाखवायचा नाही. ओळखायची खूण किर्चहॉफ देऊन ठेवतो: सोर्स, ड्रेन आणि गेट यांच्या प्रवाहांची बेरीज शून्य यायला हवी. ती बेरीज ज्या पातळीची येते, त्या पातळीखालचं सगळं गाळ समजायचं.

जाता जाता, दोन गाठींमधल्या वाहकांचं गणितही साध्या सरळ रेषेने करून चालत नाही, नाही तर दाटी उणे येऊ लागते. गाठींमधली दाटी घातांकी रीतीने बदलते असं धरून हिशेब करायची युक्ती बेल लॅबमधल्या शार्फेटर आणि गुमेल यांनी १९६९ साली प्रसिद्ध केली. आजही जवळपास प्रत्येक उपकरण-सिम्युलेटरच्या पोटात ती आहे.

एक मेगाओहमचा घोटाळा

आता सर्किट. हजारो अज्ञातांचा ट्रान्झिस्टर सर्किटमध्ये तसाच्या तसा घालता येत नाही. त्याचं वागणं थोडक्या सूत्रांत बसवावं लागतं. त्याला मॉडेल म्हणायचं, आणि ते स्पाइसला द्यायचं. स्पाइस हा बर्कलीच्या लॅरी नेगल यांचा प्रबंधाचा विषय, मार्गदर्शक डॉनल्ड पेडरसन. १९७३ साली तो जगापुढे आला. पेडरसन यांनी तो वाटून टाकला, म्हणून तो जगभर गेला. आजचे बहुतेक सर्किट सिम्युलेटर त्याचीच पिलावळ. त्यातलं फुकट मिळणारं एलटीस्पाइस २०१७पासून अ‍ॅनलॉग डिव्हायसेसकडे आहे, आणि ही कंपनी लिमरिकमध्ये १९७६पासून आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातलं ईसिम हेही एनजीस्पाइसवरच उभं आहे. घरी मुलांना शिकवायचं असेल तर जरूर बघा.

तिने आधी साधा इन्व्हर्टर केला: वर एक मेगाओहमचा रोधक, खाली ट्रान्झिस्टर. आत शून्य तर बाहेर एक, आत एक तर बाहेर शून्य, असं व्हायला हवं. बाहेर कायम एकच. इथे मात्र मला उत्तर आधीच ठाऊक होतं, कारण पंधरा वर्षांपूर्वी मी याच खड्ड्यात पडून एक अख्खी रात्र घालवली आहे. स्पाइसमध्ये 'एम' म्हणजे मेगा नव्हे, मिली. छापील असो की लहान, दोन्ही मिलीच. पंचकार्डांच्या काळात सगळी अक्षरं कॅपिटलच असत, त्यामुळे लहान-मोठ्याचा भेद तिथे पोहोचलाच नाही. मेगासाठी 'मेग' लिहावं लागतं. तिचा एक मेगाओहमचा रोधक स्पाइसच्या लेखी एक मिलीओहमचा होता, म्हणजे तारेचा तुकडा. तसंच 'एफ' म्हणजे फॅरड नव्हे, फेम्टो. अशा चुकांवर सॉफ्टवेअर कधीही ओरडत नाही. म्हणून प्रत्येक घटकातून किती प्रवाह जातोय ते एकदा डोळ्याखालून घालावं; चूक तिथे लगेच दिसते.

मग दोन्ही प्रकारच्या तारा घेऊन तीन इन्व्हर्टर, एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीला, असं रिंगण केलं. हे आपोआप डोलायला हवं. दोन गोष्टी झाल्या. आधी सॉफ्टवेअर 'वेळेचं पाऊल फार लहान झालं' म्हणून थांबलं. तिचं मॉडेल तुकड्यातुकड्यांचं होतं. बंद अवस्थेचं एक सूत्र, चालू अवस्थेचं दुसरं, आणि जिथे ती जुळत होती तिथे कोपरा. न्यूटन उतारावर चालतो; कोपऱ्याच्या डावीकडून तो उजवीकडे उडी मारतो, उजवीकडून डावीकडे, आणि झोपाळ्यावर बसल्यासारखा तिथेच राहतो. कोपरा गोल केला, प्रश्न मिटला.

मग रिंगण सुटलं, आणि सपाट रेघ आली. तिन्ही गाठी अर्ध्या व्होल्टेजवर शांत. पेन्सिल टोकावर उभी राहण्यासारखी ही अवस्था गणिताने शक्य आहे. खऱ्या चिपमध्ये उष्णतेचा खळबळाट तिला क्षणभरही टिकू देत नाही. पण संगणकात खळबळाट नसतो. म्हणून सुरुवातीला एका गाठीला जाणूनबुजून धक्का द्यावा लागतो. एका गाठीचं सुरुवातीचं व्होल्टेज शून्य लिहिलं आणि रिंगण डोलायला लागलं. बाहेर अंधार पडला होता; तिने आईला व्हिडिओ कॉल लावून ती नागमोडी रेघ दाखवली. आईने विचारलं, जेवलीस का?

दहा अणू

जाण्याआधी तिने एक प्रश्न विचारला आणि त्यावर आम्ही शेवटची बस चुकेपर्यंत बोललो. "मग आता हे खरं आहे, असं लिहू का?"

मी तिला एक घन कल्पायला सांगितला: १० नॅनोमीटर लांब, रुंद, उंच. तिच्या तारेचा एक तुकडा. त्यात भेसळीचे अणू किती? दर घन सेंटिमीटरला एकावर १९ शून्यं. घनाचं आकारमान घन सेंटिमीटरचा एकावर १८ शून्यंवा भाग. भागाकार: १०. फक्त दहा अणू!

आमचं सॉफ्टवेअर त्या दहा अणूंना खिरीतल्या साखरेसारखं एकसारखं विरघळलेलं समजतं. खऱ्या तारेत ते खिरीतल्या बेदाण्यांसारखे असतात. एका तुकड्यात १०, शेजारच्यात ७, पलीकडच्यात १३. दहाच्या मागे तीनाची चढउतार ही साधी संख्याशास्त्रीय गोष्ट आहे. आणि मघाच्या कागदावरचे ०.६५ व्होल्ट थेट या संख्येवर अवलंबून आहेत. एकाच चिपवरच्या शेजारशेजारच्या तारा वेगवेगळ्या व्होल्टेजला उघडतील. शिवाय एवढी भेसळ वाटेत असली की इलेक्ट्रॉन तिच्यावर आपटत जातात, वेग मंदावतो. मला वाटतं, जंक्शनलेस तार मुख्य प्रवाहातल्या प्रोसेसरांमध्ये न पोहोचण्याची ही मोठी कारणं आहेत. डब्लिनजवळ लेक्सलिपला इंटेलने २०२३ साली 'इंटेल ४' प्रक्रियेचं मोठं उत्पादन सुरू केलं, त्यातले ट्रान्झिस्टर पंखासारखे उभे, फिनफेट आहेत. कॉर्कच्या तारेची कल्पना मात्र संशोधनात टिकून आहे.

"पण निबंधात तर एकसारखी भेसळ धरलीय."

धरली आहे, आणि ते लिहिलंही आहे. तिने काय करावं? घाईत दहा अणूंचं सिम्युलेशन करणं तिला बारा दिवसांत जमण्यासारखं नव्हतं. त्यासाठी अणूंच्या शेकडो वेगवेगळ्या मांडण्या घेऊन प्रत्येक वेळी तिन्ही मितींत सगळं पुन्हा सोडवावं लागतं. पण कागदावरचं गणित ७ आणि १३ घेऊन करता येत होतं. आम्ही केलं. सातला तार ०.६५च्या आसपास उघडते, तेराला ०.२५च्या. प्रबंधात तिने हे दोन आकडे एका परिच्छेदात घालायचं ठरवलं, आणि ढगळ अंगठीचा पहिला, चुकीचा आलेखही परिशिष्टात ठेवायचं ठरवलं. मार्गदर्शकांना तो आवडेल की नाही याची तिला खात्री नव्हती.

तिला गाडीने सोडायला निघालो तेव्हा ली माल्टिंग्जवरून गेलो. वरच्या मजल्यावर एका खिडकीत दिवा होता. रविवारची रात्र, साडेदहा. "कुणाचं तरी कन्व्हर्ज होत नसणार," ती म्हणाली.